जावई न्हालेली झाडं

मुलगी पाहायला गेलो तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. पगार नाही, शेती नाही, सुपारी-तंबाखू नाही. पोह्यांची बशी माझ्या हातात होती, एक शेंगदाणा दाढेखाली होता, आणि ते समोरच्या खाटेवर मांडी घालून म्हणाले,

"दात घासाचा बरश झिजला का काय करता तुमी त्याचं?"

मी वाशिमच्या एका शाळेत नुकताच लागलेला मास्तर. आदल्या दिवशी आरशासमोर उभं राहून मी बऱ्याच प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. ब्रशचा धडा तेवढा राहून गेला होता.

"फेकून देतो," मी म्हणालो.

"कुठी?"

"बाहेर."

"बाहीर म्हंजे कुठी?"

मी दाढेखालचा शेंगदाणा गिळला. पडद्यामागून कोणीतरी 'गेलं हे' अशा सुरात सुस्कारा सोडला. तो माझ्या बायकोचा होता, हे पुढे तिनंच सांगितलं. त्या दिवशी मला वाचवलं ते माझ्या आईनं. ती पदर सावरत म्हणाली, "नाई जी, त्याले घरातलं काय मालूम? आमच्या घरी बरशाच्या दांडीनं पायजाम्यात नाडा ओवतो आमी. घरी घालते त्या पायजाम्यात तसाच ओवेल हाय."

त्यांनी माझ्याकडे नाही, आईकडे पाहून मान हलवली. "मंग जमलं," म्हणाले.

लग्न माझं झालं, पण मुलाखत आई पास झाली. घरातल्या कार्यांना जमलेल्या पोरासोरांना मी ही गोष्ट सांगायला लागलो की बायको आधीच शेवट सांगून टाकते. म्हणून आज लिहूनच काढतो आहे. लिहिताना तरी मधे कोणी बोलणार नाही.

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजींचं घर मंगरूळपीरच्या अगदी कडेला, जिथे गाव संपून वावरं सुरू व्हायची तिथे. पुढे तिथे लेआऊट पडलं, चाळीसेक घरं उठली, पण मामाजींचं वावर मधे तसंच राहिलं. शिडशिडीत माणूस, पांढऱ्या मिशा, आणि अंगात कॉलर उलटवून शिवलेला सदरा. कॉलर एका बाजूनं झिजली की ते टाके उसवून दुसरी बाजू वर घेत. दुसरी बाजू झिजली की त्या सदऱ्याची पिशवी व्हायची, पिशवी फाटली की पुसणं, आणि पुसण्याच्या चिंध्या झाल्या की त्या वळून वाती. सासूबाई म्हणायच्या, "यायच्या आंगातला सदरा मी देवापुढं जळतानी पाह्यला हाय."

त्यांच्या घरचं फाटक म्हणजे एका जुन्या लोखंडी खाटेचा सांगाडा. ज्या खाटेवर बसून त्यांनी माझी परीक्षा घेतली ती ठिबकच्या निकामी नळ्यांनी विणलेली होती. लग्नाच्या पत्रिकांची पाकिटं ते जपून ठेवत आणि त्यांत बियाणं भरत. एकदा मी मेथीचं बी मागितलं, तर पाकिटावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं, 'सहकुटुंब सहपरिवार येण्याचे करावे'. मेथी उगवलीही तशीच, सहकुटुंब.

गावातले काही लोक त्यांना कंजूस म्हणत. हे मात्र साफ खोटं. कंजूस माणूस देत नाही. मामाजी द्यायचे, आणि मग उरलेलं मागायला यायचे. त्यांचा संत्र्यांचा बगीचा होता. हंगामात दारावरून जाणारा माणूस रिकाम्या हातानं गेला असं कधी झालं नाही. पण संत्रं हातात ठेवताना ते बजावत, "फळ तुमचं, साल माही." आठ दिवसांनी सायकलवरून येऊन साली गोळा करून नेत. पहिल्या वेळी लोकांना वाटायचं म्हातारा गंमत करतो आहे. दुसऱ्या वेळेपासून साली सुपात वाळत पडलेल्या असायच्या. त्या वाळल्या की सासूबाई मसुरीच्या डाळीबरोबर दळून उटणं करत आणि दिवाळीला तेच उटणं पुन्हा घरोघर जाई. म्हणजे दिवाळीच्या पहाटे अख्खी गल्ली स्वतःच खाल्लेल्या संत्र्यांनी अंग घासत असे.

हे सगळं हुंड्यात न मागता माझ्या घरी आलं. माझी बायको म्हणजे बापाची सही-शिक्क्याची नक्कल. आमच्या घरात फेकणं हे चोरून करायचं काम आहे. आणि अशीच एक चोरी मला नडली.

आमच्या लग्नात मामाजींनी एक स्टीलची बादली दिली होती. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तिच्यावर नाव कोरलेलं, वर माझं, खाली त्यांचं, मधे 'सप्रेम भेट'. पंधराएक वर्षं वापरून तिच्या बुडाला सुईएवढं भोक पडलं. बायको म्हणाली, डाग लावून आणा. मी दोनदा विसरलो, तिसऱ्यांदा कंटाळलो, आणि एका रविवारी मोटरसायकलवर मंगरूळला जाताना आसेगावच्या अलीकडे एका नाल्यात बादली सोडून दिली. बायकोला सांगितलं, डागवाल्याकडे टाकली आहे. मला वाटलं, प्रश्न मिटला.

आपलं नाव आणि सासऱ्याचं नाव कोरलेली वस्तू त्याच सासऱ्याच्या गावच्या रस्त्यावर टाकणं, ही अक्कल ज्या मास्तराला आहे त्याच्याकडे लोक आपली मुलं शिकायला पाठवतात.

बारा दिवसांनी मामाजींचा फोन आला.

"जवाई, तुमची बकेट सापडली बरं."

"कोणती बकेट?" मी म्हणालो. खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो.

"तुमच्या नावाची. एक शेळ्या चारनारा बुढा घेऊन आला. म्हने, तुमच्या जवायाची चोरी झाली असन, चोरानं नाल्यात टाकून देल्ली. मी म्हनलं, असन बापा. चोर वळखीचाच वाटून राह्यला."

यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या खेपेला गेलो तर बादली त्यांच्या ओसरीत घासूनपुसून ठेवलेली. भोक तसंच होतं.

"मामाजी, डाग लावून नेतो मी," मी खालमानेनं म्हणालो.

"राहू द्या," ते म्हणाले. "भोक बारीक हाय. भोकाचं बी काही काम निंगन."

भोकाचं काम निघायला दोन वर्षं लागली.

त्या वर्षी पाऊस अर्ध्यातच परतला. माघातच मामाजींची विहीर तळाला टेकली. बगीच्यात सव्वाशे झाडं, ऐन भरातली. आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी मामाजींनी आणि सासूबाईंनी ती लावली होती. पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी हंड्यानं पाणी घालून जगवली होती. शेजारच्या दोन बगीच्यांवर होळीनंतर कुऱ्हाड चालली, आणि लाकूड गेल्यावर तिथे प्लॉटचे दगड रोवले गेले. मामाजींकडेही प्लॉट पाडणारे लोक येऊन बसू लागले.

मी एकदा म्हणालो, "टँकर बोलवा ना, मामाजी."

ते माझ्याकडे असे पाहू लागले, जसा मी पाढे न येणाऱ्या पोराकडे पाहतो.

"लेआऊटातल्या बाया हंडे घेऊन लाइनीत उभ्या राह्यते, अन मी तेच प्यायाचं पानी झाडाच्या बुडाशी वतू? मंग त्या बायाइच्या तोंडाकडं कसं पाहू? पानी आधी मानसाच्या कामी पडलं पाह्यजे. त्याचं काम झालं, का मंग ते माह्या झाडाचं."

मग त्यांनी कुंपणापलीकडच्या मंगल कार्यालयावर नजर टाकली. तिथे लग्नाच्या दिवशी शेकडो लोक हात धूत, भांड्यांचे डोंगर घासले जात, आणि ते सगळं पाणी नालीला जाई. मामाजी व्यवस्थापकाकडे गेले आणि म्हणाले, "तुमच्या नालीचं पानी मले द्या." तो बिचारा वासाची तक्रार ऐकायच्या तयारीत होता. हसून म्हणाला, "न्या ना काका. वाटलं तं नालीबी घेऊन जा."

मामाजींनी नाली वळवली. वाटेत तीन खड्डे खणले: एकात गोटे, दुसऱ्यात कोळसा, तिसऱ्यात कर्दळ. आचाऱ्याला गळ घातली, की भांडी पावडरीनं नको, तुझ्याच चुलीच्या राखेनं घास. झाडांच्या बुडाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, वीतभर जाड अंथरलं, म्हणजे आलेलं पाणी उन्हानं चोरू नये. आणि मग सुरू झालं त्यांचं पंचांग वाचणं. दुसरे शेतकरी आभाळ पाहत होते, मामाजी लग्नतिथी पाहत होते. मला फोन यायचा, "या हप्त्यात तीन मुहूर्त हाय, चिंता नाई." किंवा, "सोमवारपासून कोरडं हाय. तुमच्या वाशिमात कोनाचं लगन रखडून असन तं मंगरूळले धरा म्हना." एकदा एका लग्नात वऱ्हाड कमी आलं, तर वरबापापेक्षा मामाजी जास्त हिरमुसले.

असा चैत्र गेला, वैशाख गेला. झाडं सुकलेली पण जिवंत. आणि मग अधिक जेठ आला.

अधिक महिन्यात आपल्याकडे लग्नं होत नाहीत. महिनाभर एकही मुहूर्त नाही, आणि उन्हाळा तर टोकाला. मी त्या दिवशी तिथेच होतो. मामाजी कॅलेंडरचं पान उलटून ओसरीत बसले आणि त्या रिकाम्या पानावर एकेका तारखेवरून बोट फिरवू लागले. 

सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. अर्धा पिऊन उरलेलं पाणी त्यांनी सवयीनं तुळशीला टाकलं आणि म्हणाले, "एक महिना. एवढा एक महिना निंगला तं निंगला. नाई तं बगीचा गेला. अन आता या वयात दुसरा लावनं माह्यानं होत नाई. मंग मी बी दगडं रोवतो अन मोकळा होतो."

सासूबाई म्हणाल्या, "असं नोका बोलू." आणि विषय बदलायचा म्हणून त्यांनी विचारलं, "अधिक मास लागला, जवायाले धोंड्याच्या जेवनाले कधी बलावता?"

मामाजींनी पेला खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग एकूण आकारमानाकडे. बाजारात बैल पाहतात तसं.

अधिक मासात जावयाला विष्णूचा मान. त्याला बोलवायचं, सुगंधी उटण्यानं न्हाऊ घालायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तबकात काहीतरी वाण द्यायचं. माझ्या एका सहकाऱ्याला सासऱ्यानं अंगठी दिली होती, आणि ती बोटात फिरवत तो महिनाभर आम्हाला खडू धरायची नवी पद्धत दाखवत होता. त्यामुळे चार दिवसांनी मामाजींचा फोन आला तेव्हा माझंही मन जरा सैल सुटलं.

"जवाई, अयतवारी धोंड्याच्या जेवनाले या. येतानी टावेल आना."

"टॉवेल कशाला असेल?" मी बायकोला विचारलं.

"बाबांचं काही सांगता येत नाही," ती म्हणाली, आणि दोन टॉवेल घेतले.

रविवारी बगीच्यात पोहोचलो तर तिथे जत्रा. लेआऊटच्या घराघरातले जावई आलेले. मी मोजले, माझ्यासकट एकोणीस. प्रत्येकाच्या हातात टॉवेल, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न. एकेका झाडाखाली एकेक पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी, शेजारी त्या त्या घरची बादली आणि वाटीत मामाजींकडचं संत्र्याच्या सालीचं उटणं. आठवडाभर मामाजी दारोदार फिरले होते. त्यांचं सांगणं सरळ होतं: जवायाची आंघोळ तर होणारच आहे, ती न्हाणीत झाली तर पाणी नालीत जाईल, बगीच्यात झाली तर झाडाला जाईल. साबण तेवढा नको, उटणं माझं.

कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू पहिल्यापासून विरोधात होत्या. कमरेवर हात ठेवून त्या म्हणत होत्या, "असं उघड्यावर धुवाले जवाई म्हंजे काय बैल हाय? पोळ्याचा सन हाय का आज?"

"बैल नाई व्हो वहिनी, विष्णू हाय," मामाजी म्हणाले. "अन विष्णू तं पान्यातच राह्यते."

काकूंना हसू आलं आणि त्यांचा जावई पाटावर बसला.

मला मामाजींनी अगदी कुंपणाच्या कडेला नेलं. तिथलं झाड पाहून माझा चेहरा उतरला. वरच्या फांद्या खडंग वाळलेल्या, खाली चार पानं, तीही कडेनं करपलेली. बाकीच्या जावयांना डेरेदार झाडं, आणि घरच्या जावयाला हे!

"मामाजी, मला हेच झाड काहून?" माझी शाळेतली भाषा सुटली.

"तुमी मास्तर हा ना," ते म्हणाले. "ढ पोट्ट्याइले वर काढाची सवय हाय तुमाले."

सासूबाईंनी तेल लावलं, उटणं चोळलं. शेजारच्या झाडाखालचे जावई तरणेबांड होते. मी चाळिशीचा, आणि माझं पोट टॉवेलच्या वर येऊन सगळा सोहळा स्वतः पाहत होतं. मामाजींनी पाणी आणलं ते माझ्याच बादलीतून. नाव कोरलेल्या, भोक असलेल्या. तांब्या तांब्या पाणी अंगावरून आळ्यात गेलं. मग त्यांनी तळाशी राहिलेल्या पाण्यासकट ती बादली झाडाच्या बुडाशी, कुटारावर दोन विटा मांडून ठेवली. भोकातून थेंब सुटला. मग दुसरा.

"पाहा," ते म्हणाले, "हे तुमचं ठिबक."

मग पंगत बसली. तेहतीस धोंडे पळसाच्या द्रोणात आले. तबकात अंगठी नव्हती. तबकात पाच वाळलेल्या साली होत्या, मागच्या हंगामात मी वाशिमला खाल्लेल्या आणि बायकोनं इमानेइतबारे परत पाठवलेल्या. "उटन्याले ठेवल्या होत्या तुमच्याच," मामाजी म्हणाले. "उरल्या."

एकोणीस आंघोळींनी बगीचा जगत नाही, हे गणित मलाही येत होतं. परतताना मोटरसायकलवर मी बायकोला म्हणालोही, "हौस झाली, पण उपयोग काय?" तिनं ओल्या टॉवेलांची मांडीवर नीट घडी घातली. बापाला ती माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती.

चौथ्या दिवशी काकूंना त्यांच्या गच्चीवरून दिसलं, की ज्या झाडाखाली जावई न्हाला त्याची पानं माना टाकून आहेत. त्या तडक मामाजींकडे आल्या.

"भाऊजी, माह्या जवायाचं झाड वाळून राह्यलं ना!"

"वाळनच," मामाजी म्हणाले. "पानी कुठी हाय?"

"बाप्पा बाप्पा! जवायाचं झाड वाळलं तं चांगलं दिसते का ते? पोरीच्या घरी काय म्हनतीन?"

"मी काय करू, वहिनी? तुमच्या घरी आंग धुतल्याचं पानी असन तं..."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या घरच्या पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी घमेल्या-बादल्यांतून झाडाखाली आलं. काकूंचं पाहून शेजारणीचं. मग ज्यांचे दोन जावई त्यांची दोन झाडं, ज्यांचे जावई दूर पुण्या-मुंबईला त्यांनी त्यांच्या नावानं एक झाड धरलं, आणि ज्यांच्या मुली अजून लहान त्यांनी होणाऱ्या जावयासाठी आधीच बुकिंग केलं. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी. नाली कोरडी पडली. लेआऊटातले डास कमी झाले असं काकू सांगतात, पण काकूंच्या सांगण्यातून थोडं वजा करावं लागतं.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा मी मामाजींना बाजूला घेऊन विचारलं, "हे असं होणार ते तुम्हाला आधीच माहीत होतं?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "झाडासाठी बादली कोन उचलते, जवाई? पन जवायाले नाई कोन म्हनते?"

त्याच दिवशी काकूंनी मला अडवलं. "मास्तर, तुमचं झाड पाह्यलं का?"

 वाशिमला राहणारा जावई, त्याच्या झाडाला रोज पाणी कोण घालणार? मी कुंपणाकडे गेलो. चार पानं होती ती तशीच होती, आणि वाळक्या फांदीच्या काखेत हिरवा ठिपका होता. बादली विटांवर टपटपत होती.

"तुमचे सासरे रोज इथंच आंग धुतात," काकू म्हणाल्या. "सकाळच्या पाऱ्यात. रस्त्यानं जानारे हासतात, म्हनतात, काका, घरी न्हानी नाई का? तं म्हनतात कसे, हाय ना, पन जवाई वाशिमले राह्यते, त्याची पाळी मी करून राह्यलो."

सत्तरी ओलांडलेला माणूस रस्त्याच्या कडेला पाटावर बसून माझ्या वाटची आंघोळ करत होता. जी बादली मी नाल्यात फेकली होती तिच्यानं. मी तिथेच सदरा काढला. दुपारची वेळ होती, एक आंघोळ सकाळी घरी झालेली होती, तरी मी दुसरी केली. त्यानंतर तो महिना संपेपर्यंत दर रविवारी मी वाशिमहून मंगरूळला आंघोळीला जात असे. परतायला सोमवार उजाडून सुट्टीतल्या प्रवेशांच्या कामाला उशीर झाला, तर शाळेत सांगायचो, आंघोळीला गेलो होतो. शाळेनं विश्वास ठेवला नाही, पण शाळा माझ्यावर एरवीही फारसा ठेवत नाही.

मृगाचा पाऊस उशिरा आला, पण आला. अकरा झाडं गेली. एकशे चौदा राहिली. प्लॉटचे दगड मामाजींनी रोवले नाहीत. अकरा झाडांच्या लाकडाचे पाट केले आणि अकरा घरांना दिले.

माझं झाड? त्या वर्षी त्यानं काही दिलं नाही. पुढच्या हंगामात एक दिवस मामाजी एसटीनं वाशिमला आमच्या दारात उभे. खांद्याला सदऱ्याची पिशवी, पिशवीत सात संत्री.

"ढ पोट्टं पास झालं," ते म्हणाले.

आम्ही तिघांनी ती तिथेच बसून खाल्ली. जरा आंबट होती, पण त्या आंबटपणाबद्दल आजवर आमच्या घरात कोणी एक शब्द काढलेला नाही. खाऊन झाल्यावर मामाजींनी सगळ्या साली मोजून पिशवीत भरल्या, चहा घेतला आणि पाचच्या गाडीनं परत गेले.

पुढे अधिक श्रावण आला. त्या वर्षी पाऊस भरपूर, विहीर भरत आलेली, बगीच्यात घोट्याएवढा चिखल. मामाजींनी कोणालाही निमंत्रण दिलं नव्हतं. तरी रविवारी सकाळी लेआऊटातून छत्र्यांची रांग निघाली. छत्रीखाली जावई, जावयामागे सासू, सासूच्या हातात बादली. भर पावसात छत्र्या धरून लोक जावयांवर पाणी ओतत होते, आणि मामाजी गुडघ्यापर्यंत धोतर खोचून या झाडाकडून त्या झाडाकडे धावत होते.

"अवो, नोका वतू पानी! मुळ्या सडतीन! घरी धुवा ना जवाई!"

"असं कसं भाऊजी," काकू ठसक्यात म्हणाल्या, "धोंड्याची आंघोळ बगीच्यातच होत असते."

मामाजी माझ्याजवळ येऊन थांबले. वरून पाऊस, अंगावर चिखल. मला वाटलं चिडले असतील. पाहिलं तर हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. "पाहा जवाई," म्हणाले, "एखांदी चीज लोकाइच्या हाती पडली का मंग ते आपली राह्यत नाई." मग कुदळ घेऊन त्यांनी झाडांतून चर काढला आणि सगळं पाणी आपल्या विहिरीत सोडून दिलं. तेही वाया जाऊ दिलं नाही.

मामाजी गेले त्याला आता काही काळ झाला. जाताना त्यांच्या मागे आवरायला फारसं काही निघालं नाही. जी वस्तू होती ती कामात होती.

या वर्षी पुन्हा अधिक जेठ आला. मी पन्नाशीत आहे, पोट पुढे गेलं आहे, पण सासूबाईंचा निरोप आला आणि मी टॉवेल घेऊन गेलो. शेजारच्या झाडाखाली काकूंच्या धाकट्या मुलीचा नवरा बसला होता. नवा जावई, पुण्याला नोकरी करणारा. अंगाला उटणं चोळून घेत त्यानं विचारलं, "ही प्रथा किती जुनी आहे हो?"

मी तोंड उघडलं, तोच काकू म्हणाल्या, "लय जुनी हाय, बाप्पा! माह्या सासूच्या सासूपासून चालत आली."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आंघोळ झाल्यावर तो पोरगा मदत करावी म्हणून आवराआवर करू लागला. विटांवरची माझी बादली त्यानं उचलली, बुडाखाली हात लावला.

"काका, ही फुटली आहे. फेकून देऊ का?"

"कुठे?" मी विचारलं.

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

तो बादली हातात घेऊन वळला. कुंपणापलीकडे पाहिलं. तिकडे रस्ता होता, रस्त्यापलीकडे काकूंचं घर, त्यामागे कोणाचं तरी वावर. मग त्याची नजर बादलीवरच्या अक्षरांवर गेली. पंचवीस वर्षांच्या घासण्यानं ती पुसट झाली आहेत, पण वाचता येतात. त्यानं खालचं नाव वाचलं, 'सप्रेम भेट' वाचलं, मग वरचं नाव.

"हे कोणाचं नाव आहे?"

"माझं," मी म्हणालो, आणि टॉवेल वर ओढून पोट जमेल तेवढं आत घेतलं.

त्यानं बादली जपून पुन्हा विटांवर ठेवली, भोकाची बाजू झाडाकडे करून.